खिडकीमागची भाषा

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे एक जुना संगणक आहे. मॉनिटर अजून फुगीर काचेचा, वर ग्रंथपालांच्या पत्नीने शिवलेले कापडी आच्छादन. त्याच्यावर एकच काम चालते, पुस्तकांच्या नोंदींचे. पंचवीसेक वर्षांपूर्वी गावातल्याच एका हौशी मुलाने हा प्रोग्राम लिहून दिला होता. करडी खिडकी, तीत ग्रंथाचे नाव, लेखक, दाखल क्रमांक असे रकाने आणि खाली तीन बटणे : जतन करा, शोधा, बाहेर पडा.

दोन वर्षांपूर्वी वाचनालयाला नवा संगणक मिळाला. ग्रंथपालांचा निरोप आला, "तुम्हाला या गोष्टींचा नाद आहे, जरा येऊन जा." मी शिकलो वाणिज्य, नोकरी केली हिशेबाची, संगणकाचे जे काही कळते ते जुनी मासिके, रद्दीतली पुस्तके आणि रात्रीची जागरणे यांतून आलेले. गेलो. नोंदींची फाइल नव्या यंत्रावर नेली, उघडली, तर पुस्तकांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरे, टिंबे आणि अपोस्ट्रॉफ यांचा भुगा. चौदा हजारांवर ग्रंथ, आणि एकाही शीर्षकाचे धड वाचन होईना.

त्या मुलाला दोष देण्यासारखे काही नव्हते. हाताशी होती ती भाषा त्याने घेतली, हाताशी होता तो फाँट घेतला. पण पडद्यावर एक खिडकी आणि तीन बटणे काढण्यासाठी कोणती भाषा घ्यावी हा प्रश्न माझ्या डोक्यात तिथे जो शिरला तो निघेना. पुढच्या दोन वर्षांत त्याचा माग काढत मी ऑस्लोपर्यंत पोचलो (कागदावरच, अर्थात).

*

आधी हे समजून घ्यावे लागते की खिडकीवाला प्रोग्राम जुन्या प्रोग्रामपेक्षा वेगळा का असतो. साठच्या दशकापर्यंतचा प्रोग्राम कीर्तनकारासारखा होता. पूर्वरंग, मग उत्तररंग, क्रम त्याचा. त्याने विचारले की आपण सांगायचे, आणि शेवटी तो निकाल छापून थांबायचा. फोर्ट्रान आणि कोबोल या भाषा अशा क्रमवार कामासाठीच घडल्या. खिडकीवाला प्रोग्राम मात्र किराणा दुकानदारासारखा बसून असतो. गिऱ्हाईक आधी गूळ मागेल की काडेपेटी, मागून काही न घेताच निघून जाईल की काय, त्याला ठाऊक नसते. क्रम गिऱ्हाइकाच्या हातात. शिवाय पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूला स्वतःची स्थिती लक्षात ठेवावी लागते : मी दाबलेले आहे की नाही, माझ्यावर दुसरी खिडकी आली आहे का, ती हटली तर मला स्वतःला पुन्हा रंगवायचे आहे का.

म्हणजे ज्या भाषेत पायऱ्या लिहिता येतात तिच्यापेक्षा ज्या भाषेत वस्तू लिहिता येतात ती इथे उपयोगाची. अशी भाषा खिडक्यांसाठी जन्मली नाही. ती जन्मली तेव्हा खिडक्या नव्हत्याच.

ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये उले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगॉर हे दोघे साठच्या दशकात एका वेगळ्याच अडचणीशी झगडत होते. बंदरात जहाजे येतात, धक्का रिकामा नसेल तर थांबतात, माल उतरवतात, निघून जातात. कारखान्यात सुट्या भागांच्या रांगा लागतात. या सगळ्याचा संगणकावर खेळ मांडून पाहायचा. न्यूगॉरचा पिंड अशा कामांचे गणित करणाऱ्याचा, डाल भाषेचा कारागीर. त्यांनी आधी सिम्युला नावाची भाषा केली आणि १९६७ मध्ये तिचे मोठे रूप, सिम्युला ६७. तीत जहाजाचा एक साचा लिहायचा, त्याला त्यांनी क्लास म्हटले. त्या साच्यातून हवी तितकी जहाजे काढायची. प्रत्येकाचा माल वेगळा, वेळ वेगळी, पण चालरीत एक. तेलवाहू जहाज हवे असेल तर जहाजाचाच साचा घेऊन त्यात भर घालायची. आज जगातला निम्माअधिक प्रोग्रामर ज्या शब्दांत विचार करतो ते शब्द इथले.

न्यूगॉरविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सत्तरीच्या सुरुवातीला त्याच्या लक्षात आले की आपण केलेली साधने कारखान्याच्या व्यवस्थापनाच्या हाती आहेत आणि त्यांतून आखले जाते ते कामगारांचे आयुष्य. तेव्हा तो नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागला. कारखान्यात यंत्रणा येण्याआधी ती कामगारांना समजावी आणि तीत त्यांचे म्हणणे असावे यासाठी. भाषा घडवणाऱ्या माणसाने तिच्यात कोण बोलणार आणि कोणाबद्दल बोलले जाणार हा प्रश्न इतक्या लवकर आणि इतक्या थेट विचारल्याचे उदाहरण मला दुसरे सापडले नाही. २००१ चे ट्युरिंग पारितोषिक दोघांना मिळाले. २००२ च्या उन्हाळ्यात, सहा आठवड्यांच्या अंतराने, दोघेही गेले.

*

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात अ‍ॅलन के नावाचा नवा विद्यार्थी आला. त्याच्या पुढ्यात दोन गोष्टी पडल्या. एक, आयव्हन सदरलँडचा १९६३ चा स्केचपॅडवरचा प्रबंध. त्यात प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर आकृती काढता येत, आणि मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती बदलत. दुसरी, एक टेप. तीवर अल्गोल भाषा आहे म्हणून सांगितलेले, पण ती चालेना आणि कागदपत्रांचा अर्थ लागेना. के आणि आणखी एकाने प्रोग्रामचा छापील कागद व्हरांड्यात ८० फूट उलगडला आणि त्यावर रांगत, एकमेकांना ओरडून सांगत, तो वाचला. ते सिम्युला होते. जहाजांचे साचे आणि सदरलँडच्या मूळ आकृत्या या एकच कल्पना आहेत हे त्याला तिथे, जमिनीवर, दिसले. हे त्यानेच पुढे १९९३ मध्ये लिहून ठेवले आहे.

१९७० मध्ये झेरॉक्स कंपनीने कॅलिफोर्नियात पालो अल्टो येथे संशोधन केंद्र काढले. के तिथे गेला. त्याला लहान मुलांच्या हाती देता येईल असा संगणक हवा होता आणि तशीच भाषा. त्या काळी भाषांना आणि यंत्रणांना देवांची भारदस्त नावे देण्याची रीत होती, आणि ती नावे घेऊन त्या फारसे काही करीत नसत. म्हणून त्याने मुद्दाम निरुपद्रवी नाव घेतले, स्मॉलटॉक. आपल्याकडे 'गप्पाटप्पा' म्हणावे तसे. १९७२ मध्ये डॅन इंगल्सने तिचा पहिला अवतार चालवून दाखवला, तोही बेसिक या भाषेतून. १९७३ मध्ये त्याच केंद्रात अल्टो हा संगणक झाला. पडदा ताठ उभा, टंकलेखनाच्या कागदासारखा, ६०६ ठिपके रुंद आणि ८०८ ठिपके उंच. प्रत्येक ठिपका प्रोग्रामच्या ताब्यात.

एकमेकींवर पडणाऱ्या खिडक्या आणि माऊसचे बटण दाबताच उगवणारी यादी या गोष्टी इथे स्मॉलटॉकमध्ये रुजल्या. त्या भाषेत सगळेच वस्तू. खिडकी वस्तू, आकडा वस्तू, आणि वस्तू एकमेकींना निरोप पाठवतात. प्रोग्राम चालू असतानाच त्याचे पोट उघडून बदल करता येई. अ‍ॅडेल गोल्डबर्ग शाळकरी मुलांना ती शिकवी. बारा वर्षांच्या एका मुलीने तीत चित्र काढण्याचे साधन केले. पण केने पुढे प्रामाणिकपणे लिहिले की असे करणारी मुले मोजकी होती आणि त्या यशावर आपण लवकर भाळलो. बढाया मारणाऱ्यांच्या या क्षेत्रात ही कबुली मला मोलाची वाटते.

१९७८-७९ मध्ये या केंद्रात एक पाहुणा आला, ट्रिग्वे रीन्सकॉग. हाही नॉर्वेचा, आणि याचे आधीचे काम जहाजबांधणीच्या आराखड्यांचे! त्याने पाहिले की जहाजाच्या आराखड्याकडे नियोजक एका अंगाने बघतो, अभियंता दुसऱ्या. आराखडा एक, दर्शने अनेक. म्हणून प्रोग्रामचे तीन भाग करावेत. मूळ माहिती एकीकडे, तिचे पडद्यावरचे दर्शन दुसरीकडे, आणि माणसाच्या हातचे इशारे घेणारा तिसरा. त्याच्या डिसेंबर १९७९ च्या टिपणात मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर ही नावे आली. आमच्या वाचनालयाच्या प्रोग्रामात हे तिन्ही एकाच कढईत शिजवले होते, ही गोष्ट पुढे फार नडली.

त्याच डिसेंबरात स्टीव्ह जॉब्ज आपली माणसे घेऊन तिथे आला. झेरॉक्सला अ‍ॅपलचे शेअर घेऊ देण्याच्या बदल्यात ठरलेली ही भेट. दाखवू नये म्हणून गोल्डबर्गने विरोध केला, वरून हुकूम आल्यावरच दाखवले. केने लिहिले आहे की मजकूर सरकताना धक्के बसतात अशी तक्रार जॉब्जने केली, तेव्हा इंगल्सने चालू प्रोग्राममध्येच हात घालून मिनिटाच्या आत ते सरकणे सलग करून दाखवले. जॉब्जने मात्र खिडक्या पाहिल्या आणि भाषा पाहिली नाही, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. पहिली गोष्ट पाहून तो इतका दिपला की बाकीच्या दिसल्याच नाहीत.

*

पण समजा त्याने भाषा पाहिली असती, तरी घेता आली असती का? मला नाही वाटत. जानेवारी १९८४ मध्ये आलेल्या मॅकिंटॉशची सगळी मेमरी १२८ किलोबाइट होती. स्मॉलटॉक हे अख्खे गाव. ते या खोलीत मावले नसते. आधीच्या वर्षी आलेल्या लिसा या संगणकाला एक मेगाबाइट मेमरी होती आणि किंमत ९,९९५ डॉलर. तिचे प्रोग्राम पास्कलमध्ये लिहिले गेले आणि पास्कलला क्लास जोडून क्लासकॅल नावाची पोटभाषा केली गेली. पालो अल्टोहून अ‍ॅपलमध्ये आलेला लॅरी टेसलर पुढे पास्कलचा जनक निक्लाउस वीर्ट याच्याशी सल्लामसलत करून ऑब्जेक्ट पास्कलपर्यंत पोचला. म्हणजे समोरच्या दाराने नाकारलेली कल्पना मागच्या दाराने घरात घ्यावी लागली.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने १९८५ मध्ये सी ही भाषा धरली. सी जलद, काटकसरी, यंत्राच्या जवळची. आणि वस्तूंची तिला काही कल्पना नाही. त्यामुळे पडद्यावर फक्त एक अभिवादन दाखवायचे तरी कित्येक डझन ओळी लिहाव्या लागत. प्रोग्रामच्या मध्यभागी एक अखंड फेरा, आणि एक भलेमोठे कार्य ज्यात प्रत्येक निरोपासाठी एकेक फाटा : माऊस दाबला, किल्ली दाबली, खिडकी उघडी पडली, खिडकी मोडायची आहे. चार्ल्स पेट्झोल्डच्या १९८८ च्या पुस्तकावर एक पिढी हे शिकली. ती पिढी अमेरिकेतली होती आणि पगारी होती.

आमच्या गावातल्या मुलासारख्यांना दार उघडून दिले ते अ‍ॅलन कूपरने. कोऱ्या पडद्यावर बटणे, रकाने ओढून आणून ठेवायचे असे एक साधन त्याने घरी बसून केले आणि १९८८ मध्ये बिल गेट्सला दाखवले. मायक्रोसॉफ्टने ते विकत घेऊन त्याला बेसिक जोडली आणि मे १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आले. जाणत्यांनी बेसिकला नाके मुरडली. पण बटण ओढा, त्यावर दोनदा टिचकी मारा, ते दाबल्यावर काय व्हावे ते चार ओळींत लिहा, यापेक्षा सोपे आजवर फारसे काही झालेले नाही. नव्वदच्या दशकात जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्रत्येक संगणक वर्गाच्या पाटीवर हे नाव असे. दवाखाने, पतपेढ्या, शाळा, दूध संस्था यांचे हिशेब तीत लिहिले गेले आणि लिहिणारे बहुतेक पदवीधर अभियंते नव्हते. हे लोकशाहीकरण मी लहान मानत नाही.

याच काळात आणखी एक वाट स्मॉलटॉकहून निघाली होती. अमेरिकेतल्या ब्रॅड कॉक्सने बाइट मासिकाचा ऑगस्ट १९८१ चा स्मॉलटॉक विशेषांक वाचला आणि सीच्या अंगावर स्मॉलटॉकचे निरोप चढवून ऑब्जेक्टिव्ह-सी केली. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या जॉब्जने आपल्या नेक्स्ट कंपनीसाठी तीच घेतली. मागे न दिसलेले आता दिसले असावे. १९९० मध्ये टिम बर्नर्स-लीने सर्न येथे जगातला पहिला वेब ब्राउझर याच यंत्रावर, याच भाषेत लिहिला. १९९६ च्या अखेरीस अ‍ॅपलने नेक्स्ट विकत घ्यायचे जाहीर केले आणि ती भाषा मॅकमध्ये, पुढे आयफोनमध्ये गेली. तिची जागा घ्यायला स्विफ्ट आली ती २०१४ मध्ये.

*

आता ज्या भांडणाने मला सर्वांत जास्त रात्री जागवले त्याकडे येतो. ते दिसायला भाषेचे, पण खरे मालकीचे होते.

१९९० च्या उन्हाळ्यात ट्रॉन्धेममधले दोन तरुण, हॉवर नूर आणि आयरिक चांबे-एंग, अल्ट्रासाउंडच्या चित्रांचा साठा ठेवणारा प्रोग्राम लिहीत होते. तो युनिक्सवर, मॅकवर आणि विंडोजवर चालायला हवा होता. ट्रॉन्धेम कुठे, तर पुन्हा नॉर्वे! एका बागेतल्या बाकावर बसून त्यांनी ठरवले की तिन्हीकडे चालेल असा खिडक्यांचा संच आपणच करू. भाषा सी प्लस प्लस. ही भाषा डेन्मार्कच्या ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुपने केली, आणि तोही केंब्रिजला सिम्युला वापरून तिच्या प्रेमात पडलेला आणि तिच्या संथपणाने वैतागलेला. सी प्लस प्लसमध्ये एका वस्तूने दुसरीला सैलसर निरोप देण्याची सोय नव्हती, म्हणून या दोघांनी सिग्नल आणि स्लॉट अशी जोडणी केली आणि मूळ भाषेच्या आधी चालणारा एक छोटा अनुवादक लिहिला. भाषा अपुरी पडली तर तिला ठिगळ लावायचे. १९९५ मध्ये हा संच बाहेर आला. नाव क्यूट.

ऑक्टोबर १९९६ मध्ये जर्मनीतल्या मथियास एट्रिखने हाक दिली. लिनक्सवरचा प्रत्येक प्रोग्राम वेगळा दिसतो, वेगळा वागतो. सामान्य माणसासाठी एकसंध पडदा करू या. त्याने क्यूट निवडले, कारण ते उत्तम होते. केडीई या प्रकल्पाचा हा जन्म. पण क्यूटचा परवाना तेव्हा मुक्त नव्हता. ते फुकट वापरता येई, बदलून वाटता येत नसे. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या मते हे असे होते की सार्वजनिक धर्मशाळा बांधायची आणि पाया दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवर घालायचा.

ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोचे मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी दुसरी चूल मांडली, ग्नोम. त्यांनी जीटीके घेतले. ते बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस यांनी, गिम्प या चित्रांच्या प्रोग्रामसाठी केले होते, कारण आधी वापरलेला मोटिफ हा संच मालकीचा होता. जीटीकेची भाषा साधी सी. वस्तू नसलेल्या भाषेत त्यांनी वस्तू हाताने घडवल्या. नावे लांबलचक, एका बटणासाठी 'जीटीके बटन न्यू विथ लेबल' असा मारुतीच्या शेपटासारखा शब्द. लिहिणाऱ्याचे हात दुखत. पण त्या निवडीमागे एक मुद्दा होता जो मला आधी कळला नव्हता. सीमध्ये लिहिलेल्या संचाला पायथन, पर्ल, स्कीम, कोणतीही भाषा सहज जोडता येते. सी प्लस प्लसच्या संचाला तसे जोडणे कष्टाचे. म्हणजे स्वतः ओबडधोबड भाषा पत्करायची, आणि येणाऱ्याला आपापली भाषा आणू द्यायची.

सौंदर्याच्या दृष्टीने मी क्यूटच्या बाजूचा आहे, न्यायाच्या दृष्टीने त्या काळच्या ग्नोमच्या. या भांडणाने एक घडले. सप्टेंबर २००० मध्ये क्यूटने जीपीएल हा मुक्त परवाना स्वीकारला. दुसरी चूल मांडली नसती तर ते घडले असते असे मला वाटत नाही.

*

इथवर मी इंग्रजी बटणांबद्दल बोलत होतो. बटणावर मराठी लिहायची म्हटली की अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण अक्षरांच्या साठवणीची. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून इस्की हा संकेत होता आणि पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानावर बरेच काम केले होते, पण गावोगावच्या संगणकांवर चालत ते फाँटचे फाँटच. त्यांत रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा बसवलेला. संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच. फाँट काढून घेतला की उरतो भुगा, जो मी वाचनालयात पाहिला. विंडोज २००० मध्ये युनिकोडमार्गे मराठीची सोय आली. पण व्हिज्युअल बेसिकची १९९८ ची सहावी आवृत्ती पोटात युनिकोड ठेवत असूनही तिची साधी बटणे आणि रकाने मजकूर दाखवताना तो यंत्राच्या जुन्या आठ-बिटी अक्षरसंचात उतरवीत, आणि देवनागरीसाठी तसा संच विंडोजमध्ये नव्हताच. निकाल, ओळीने प्रश्नचिन्हे. म्हणून फाँटची जुनी युक्ती आणखी काही वर्षे चालू राहिली. पुढे २००२ मध्ये आलेले व्हिज्युअल बेसिक डॉट नेट युनिकोड दाखवी, पण जुना प्रोग्राम त्यात जसाच्या तसा जाईना. ज्याने तो लिहिला तो नोकरीसाठी शहरात गेलेला असे.

दुसरी अडचण मापांची. व्हिज्युअल बेसिकमध्ये बटणाची जागा आणि रुंदी आकड्यांत ठोकलेली असे. इंग्रजी 'सेव्ह'साठी आखलेल्या बटणात 'जतन करा' बसत नाही. वर वेलांटी, खाली उकार आला की डोके नाहीतर पाय कापले जातात. जीटीके आणि क्यूट यांच्या रीतीत पेटीत पेटी ठेवतात आणि बटण आपल्या शब्दाला विचारून आपले माप ठरवते. ही सोय कोणी देवनागरीसाठी केली नव्हती. वेगवेगळ्या यंत्रांवर चालायचे म्हणून केली. फायदा आपल्याला झाला.

तिसरी अडचण अक्षरांच्या जुळणीची. 'कि' लिहिताना क आधी टंकतो, वेलांटी नंतर, पण पडद्यावर ती आधी यावी लागते. 'र्क' मधला रफार उडी मारून मागच्या अक्षरावर बसतो. हे काम प्रोग्रामच्या भाषेचे नाही. खिडकीच्या संचात दडलेल्या जुळाऱ्याचे आहे, शिशाच्या खिळ्यांच्या काळी छापखान्यात बसत असे तशाचे. जीटीकेने २००२ च्या दुसऱ्या आवृत्तीत पँगो नावाचा जुळारी आणला. नावात ग्रीक 'पॅन', म्हणजे सर्व, आणि जपानी 'गो', म्हणजे भाषा. क्यूटनेही आपला केला. पुढे दोन्ही घरांनी एकच जुळारी ठेवला, हार्फबझ. हे नाव फारसी, 'हर्फ' म्हणजे अक्षर. तो बहदाद इस्फहबोद या मूळच्या इराणी माणसाने सांभाळून मोठा केला. आज अँड्रॉइड फोनवर आणि बहुतेक ब्राउझरांत मराठी अक्षरे तोच जुळवतो. भांडणाऱ्या दोन घरांचा जुळारी एक, ही गोष्ट मी वाचनालयात सांगितली तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "पूर्वी आमच्या गावात दोन पक्षांच्या पत्रकांचा छापखाना एकच होता."

ब्राउझरचे थोडक्यात सांगतो. त्याची भाषा जावास्क्रिप्ट, १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइकने दहा दिवसांत उभी केलेली. तीत वस्तूंची जी रीत आहे ती सेल्फ या भाषेतून आली, आणि सेल्फची कल्पना पुन्हा पालो अल्टोतलीच, स्मॉलटॉकच्या अंगणातली. आज पुष्कळ प्रोग्राम खिडकीत अख्खा ब्राउझर कोंबून चालतात. एका चहासाठी सगळे उपाहारगृह बरोबर घेऊन फिरण्याचा प्रकार, पण मराठी अक्षरे त्यात बिनचूक उमटतात, हे मान्य करावे लागते.

*

वाचनालयाचे काम करायला मला सात महिने लागले. ग्रंथपालांच्या हाताखाली काम करणारी मुलगी पायथन शिकलेली होती. भाषा म्हणून तिने पायथन घेतली, खिडक्यांसाठी क्यूट. मी जीटीकेचा आग्रह धरून पाहिला. ती म्हणाली, "काका, विंडोजवर पण चालायला पाहिजे ना, आणि पुढे मला दुरुस्त करता आलं पाहिजे." मी गप्प बसलो. रीन्सकॉगचे तीन भाग तिला एका वहीच्या पानावर काढून दाखवले. नोंदी एका जागी, खिडकी वेगळी. पुन्हा कधी खिडकी बदलायची झाली तर नोंदींना हात लागू नये.

जुन्या फाँटच्या तुकड्यांचा तक्ता आम्ही हाताने केला. कोणत्या रोमन अक्षरामागे कोणता तुकडा, कोणती वेलांटी उचलून मागे न्यायची, कोणता रफार पुढे. तपासायला ग्रंथपाल जुनी दाखल नोंदवही घेऊन शेजारी बसत आणि एकेक नाव मोठ्याने वाचत.

चौदा हजार नोंदी उतरल्यावर तिने शोधाच्या रकान्यात 'वऱ्हाड' टंकले. वाचनालयात त्या नावाची पुस्तके आहेत हे तिघांनाही ठाऊक होते. तरी खाली एकही ओळ आली नाही. दुपारभर खपल्यावर कळले की तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसरीत साधा र आणि त्यामागे एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राच्या लेखी वेगळे. आमच्या तक्त्याने एक धरली होती, तिच्या कळफलकाने दुसरी. तिने दोन्ही एक करणाऱ्या तीन ओळी लिहिल्या आणि 'शोधा' दाबले. नऊ पुस्तके आली. ग्रंथपालांनी नोंदवहीवरून मोजली. दहावे बऱ्याच वर्षांपूर्वी कोणीतरी नेलेले होते आणि परत आलेले नव्हते.